सर्वसमावेशक कार्यशाळा कशी पार पाडावी

शेतीच्या नोंदींचे ॲप 'सर्वांना सोबत घेऊन' घडवण्याची कार्यशाळा मराठवाड्यात घ्यायचे ठरले असेल, तर आपण प्रथम तारीख विचारपूर्वक निवडावी. डिसेंबर उत्तम. बीडकडची ऊसतोड कुटुंबे तोवर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर गेलेली असतात. त्यामुळे कामाने ठसे झिजलेल्या बाईचा अंगठा यंत्र घेत नाही, हा विषय निघण्याची शक्यता उरत नाही. (तो एकदा निघाला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत आवरत नाही.)

स्थळ छत्रपती संभाजीनगरातले हॉटेलच असावे. नांदेड-लातूरकडच्या मंडळींनी रातराणी धरून यावे. ज्यांना रोजगार बुडवणे परवडत नाही, त्यांच्या जागी कृषी सेवा केंद्राचे मालक आणि सरपंचांचे पुतणे बसवता येतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार नमूद आहेत, हे पहिल्याच स्लाइडवर ठळक लिहावे आणि त्यांपैकी एका प्रकारची एक व्यक्ती फोटोग्राफरला नीट दिसेल अशी बसवावी. पाहुणा दृष्टिहीन असल्यास मात्र सावध राहावे, कारण तो टॉकबॅक (पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारी फोनमधली सोय) सुरू करून आपले ॲप बोटाने चाचपू लागतो आणि भर सभेत त्याचा फोन एकेका चिन्हावर 'लेबल नसलेले बटण, लेबल नसलेले बटण' असे बोलत सुटतो. अशा वेळी सादरीकरणात व्यत्यय येत असल्याचे नम्रपणे सांगून त्याला आवाज बंद करायला लावावे.

अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान 4.5 : 1 असावा, हा आंतरराष्ट्रीय निकष वातानुकूलित दालनात कोणाला आठवत नाही. तिथे पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरे सुरेखच दिसतात. भर दुपारच्या उन्हात सोयाबीनच्या रानात ती कशी दिसतात, हे पाहायला रानात जावे लागेल, आणि तशी तरतूद अंदाजपत्रकात नाही.

तांड्यावरून आलेल्या, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या बाईला 'प्रमाणीकरण यशस्वी' हे वाचून आता काय करणार, असे चुकूनही विचारू नये. 'समजले ना?' एवढेच विचारावे. एवढ्या साहेबलोकांसमोर ती मान डोलावतेच, आणि आपल्या तक्त्यात बरोबरची खूण पडते.

अभिप्राय शेवटी ऑनलाइन घ्यावेत आणि त्यासाठी ओटीपी सक्तीचा ठेवावा. मोबाइल घरी मुलाकडे असल्यामुळे निम्म्या सहभागींचा अभिप्राय येतच नाही आणि एकाही महिलेने नाराजी नोंदवली नाही, असे अहवालात निःसंकोच लिहिता येते.