मानेच्या शस्त्रक्रियेने अल्झायमर बरा होतो? खुलासा

‘मानेतली लसीकावाहिनी (लसीका, म्हणजे शरीरातला जादा द्रव, वाहून नेणारी बारीक नळी) शिरेला जोडली की मेंदूतला कचरा वाहून जातो आणि अल्झायमर बरा होतो’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे.

मेंदूच्या आवरणात लसीकावाहिन्या असतात, हे खरं. २०१५ मध्ये व्हर्जिनिया आणि हेलसिंकी इथल्या संशोधकांनी त्या उंदरांत दाखवल्या. २०१७ मध्ये अमेरिकेत एमआरआयवर माणसांतही दिसल्या. मेंदूभोवतीचा द्रव त्यांतून मानेतल्या लसीकाग्रंथींकडे, म्हणजे तो गाळणाऱ्या गाठींकडे, उतरतो. शस्त्रक्रियाही खरी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली, मिलिमीटरहूनही बारीक वाहिनी शिरेला टाके घालून जोडतात. लसीका साचून हात-पाय सुजतात, त्या विकारात ती आधीपासून करतात.

पण तिने अल्झायमर बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. चीनमध्ये ती अनेक रुग्णालयांत सुरू झाली होती. जुलै २०२५ मध्ये तिथल्याच राष्ट्रीय आरोग्य आयोगाने अल्झायमरसाठी ती बंद करायला लावली. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

घरात आजी-आजोबा विसरायला लागले असतील, तर या शस्त्रक्रियेसाठी पैसे भरण्याआधी त्यांना न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. थायरॉइडचा त्रास किंवा बी-१२ची कमतरता यांमुळेही विसरभोळेपणा येतो, आणि तो औषधांनी सुधारू शकतो.