टाकीची जाळी आणि गावचा ग्रुप

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची मी आजवर टिंगलच केली. सकाळी गुलाबाची फुलं, मग वाढदिवस, दुपारी कुणाची तरी म्हैस विकायला.

गेल्या गणपतीत गावी आरतीची वाट बघत बसलो होतो, सहज ई-ग्रामस्वराज हे ग्रामपंचायतींच्या कामांचं सरकारी पोर्टल उघडलं. एप्रिल २०२० पासून आहे ते. बघायला लॉगिन लागत नाही. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यातली कामं आणि वित्त आयोगाच्या पैशांचा खर्च समोर. आमच्या यादीत निम्मी नावं इंग्रजीत, त्यामुळे डोळे ताणून वाचावी लागली. एक काम होतं: पाण्याच्या टाकीला तारेची जाळी. पूर्ण.

टाकी आमच्या परड्याच्या मागंच. जाऊन बघितलं तर चार अँगल उभे, जाळीचा पत्ता नाही, आणि एका अँगलला शेळी बांधलेली.

स्क्रीनशॉट आणि शेळीचा फोटो, दोन्ही ग्रुपवर टाकले. तासभर सामसूम. मग कुणीतरी हात जोडले. मग एकानं सुनावलं, "पुण्यात बसून गावात भांडणं लावू नका." (मी तेव्हा टाकीपासून वीस पावलांवर होतो.) रात्री अण्णांचा फोन आला. "फोटो बरा काढलास. पण दोन ऑक्टोबरला ग्रामसभेला ये. ग्रुपवर कोरम भरत नसतो."

खरंय त्यांचं. कोरम म्हणजे किमान हजेरी: ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढे लागतात. नाही जमले तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. आमच्याकडं वर्षानुवर्षं तहकूब सभेतच सगळं मंजूर व्हायचं, पाच-दहा सह्यांवर. या खेपेला पोरांनी ग्रुपवर वाडीवार माणसं मोजली, मुंबईकरांनी आपापल्या घरी फोन लावले. सभेला सतरंजी पुरली नाही.

माहिती ऑनलाइन टाकली की पारदर्शकता आली, असं साहेबलोक समजतात, ते मला पटत नाही. पोर्टल पाच वर्षं होतंच की. आम्ही कुणी उघडलं नव्हतं, मीही नाही. आणि नुसत्या ग्रुपवर तरी काय, शिव्या आणि गुलाब. दोन्ही एकमेकांना भेटले आणि माणसं पारावर आली तेव्हा जाळी बसली, पंधरा दिवसांत. पैसे आधी कुठं गेले होते ते अजून कळलेलं नाही, ते विचारायचं बाकी आहे.

एक लाजिरवाणी गोष्ट राहिली. ग्रुपमध्ये २४० जण, त्यात बाया तीन. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे; आमच्या आईला ती कधी झाली हे आठवत नाही. मग तिला ग्रुपमध्ये घेतलं. पहिल्याच संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज: "जाळी बसली ते बरं झालं. खालच्या आळीला तीन दिस पाणी नाही, त्याचं बघा आता."