खुलासा: स्लीप मोडमुळे घड्याळ मागे पडत नाही
डिजिटल घड्याळाचा प्रोसेसर झोपवला की वेळ मागे पडते, म्हणून तो सतत जागा ठेवा, असा सल्ला सध्या फिरतोय. कृपया तो पाळू नका. प्रोसेसर जागा ठेवून सतत १ मिलिअँपिअर प्रवाह ओढलात तर २२० मिलिअँपिअर-तासांचा सीआर२०३२ हा बटण सेल ९ दिवसांत संपेल!

एमएसपी४३० या कमी वीज खाणाऱ्या मायक्रोकंट्रोलर चिपचंच बघा. तिच्या एलपीएम३ या स्लीप मोडमध्ये सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) थांबतो, पण वेळ मोजणारा, सेकंदाला ३२,७६८ कंपनं देणारा (३२,७६८ हर्ट्झचा) क्रिस्टल चालूच राहतो. ही संख्या १५ वेळा निम्मी केली की सेकंदाला बरोबर एक ठोका. त्या ठोक्याला सीपीयू उठतो, सेकंद वाढवतो, परत झोपतो. क्रिस्टलही बंद होतो तो एलपीएम४ या आणखी गाढ झोपेच्या मोडमध्ये. गोंधळ बहुधा तिथेच झालाय.

आणि झोपवूनही सेल उतरत असेल, तर चिपच्या मोकळ्या सोडलेल्या (कशालाच न जोडलेल्या) इनपुट पिना आधी तपासा; त्यांच्यामुळे वीज वाया जाऊ शकते.