हवेत उघडायचं, २०.९ सेट करायचं आणि मोकळं व्हायचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा, उत्तर द्यायला चार दिवस लागले, शटडाऊन चालू होता. तुमचं म्हणणं थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. तुम्ही म्हणता की ट्रेस ऑक्सिजन अॅनालायझरच्या (नायट्रोजनसारख्या गॅसमधला अगदी किंचित ऑक्सिजन मोजणारं यंत्र) कॅलिब्रेशनचा मी उगाच बाऊ केलाय, सेन्सर हवेत उघडायचा, २०.९ टक्के (हवेतला ऑक्सिजन) सेट करायचं, पाच मिनिटांचं काम. आणि लाईनमध्ये नायट्रोजनचं प्रेशर असताना बाहेरची हवा आत शिरते हे तर "शाळेतल्या पोरालाही पटणार नाही".

आधी माझी चूक. "हवेत स्पॅन करणं चूकच" असं मी ठोकून दिलं होतं (स्पॅन म्हणजे माहीत असलेल्या गॅसवर रीडिंग जुळवून घेणं), ते मागे घेतो. गॅल्व्हॅनिक सेलचं (ऑक्सिजन लागला की स्वतःच करंट देणारा सेन्सर) आउटपुट ऑक्सिजनच्या प्रमाणात सरळ वाढतं, आणि काही मॅन्युअलमध्येच हवेत स्पॅन करा असं दिलेलं असतं. पण हवा म्हणजे २,०९,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), आणि आपल्याला मोजायचेत २. एकदा हवा लागली की इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळलेला ऑक्सिजन संपेपर्यंत रीडिंग तासन् तास खाली येत राहतं, आणि तेवढ्यात सुपरवायझर तीनदा विचारून जातो की मालाचं काय करू.

शिवाय आपण नाशिककर सुमारे ६०० मीटर उंचीवर बसलोय. सेल टक्के मोजत नाही, पार्शल प्रेशर (एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा) मोजतो, म्हणजे प्रेशर कॉम्पेन्सेशन नसलेला अॅनालायझर मुंबईच्या लॅबमधून सर्टिफिकेट घेऊन आला की नाशिकच्या अंबडला हवेत साडेएकोणीसच्या आसपास दाखवतो आणि लोक सेल मेला म्हणून बोंब मारतात. अर्थात २ पीपीएमवर हा सहा-सात टक्क्यांचा फरक किरकोळच, त्याने कुणाची बॅच जात नाही.

बॅच जाते ती ट्यूबमुळे. सातपूरच्या एका युनिटमध्ये गेलो होतो, रीडिंग १४, आणि दोन वेळा कॅलिब्रेशन करूनही १४च. सॅम्पल लाईन म्हणजे न्यूमॅटिकची निळी पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब, चांगली तीन मीटर, गुंडाळी करून पॅनेलमागे टांगलेली. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. मग फक्त फ्लो दुप्पट केला, अर्ध्या लिटरवरून एक लिटर पर मिनिट, आणि थांबलो. रीडिंग ८ वर येऊन बसलं. आता बघा, गॅसमध्येच १४ असते तर फ्लो वाढवून काय फरक पडणार होता? बाहेरून झिरपणारा ऑक्सिजन ठरावीक असतो, गॅस दुप्पट झाला की तो निम्मा पातळ होतो, म्हणजे १४ मधले १२ बाहेरचे, त्याचे ६ झाले, आणि खरे फक्त २. ट्यूब काढून स्टेनलेसची टाकली, फेरूल (जोडाच्या कड्या) नीट आवळले, रात्रभर पर्ज ठेवलं (गॅस वाहता ठेवला), सकाळी २.३. ट्यूब बदलल्यावर कॅलिब्रेशनला हातही लावला नव्हता. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच (आमचं सोमेश्वर गंगापूर रोडला आहे, बंब तिथे नेऊन पण काही उपयोग झाला नसता).

आता त्या शाळेतल्या पोराचं. लाईनमध्ये ५ बार असेल, पण तो नायट्रोजनचा. ऑक्सिजनला नायट्रोजनच्या प्रेशरशी घेणंदेणं नाही, त्याला दिसतं की बाहेर माझं प्रेशर ०.२ बार आणि आत जवळजवळ शून्य, म्हणून तो निघाला आत. माठ नाही का, कुठे भोक नाही तरी अंगावर ओल येते, तसंच, फक्त इथे उलट्या दिशेने. सिलिकॉन ट्यूब यात सगळ्यात वाईट, आणि टेफ्लॉन सुद्धा वाटतं तेवढं सोवळं नाही. रोटामीटर (फ्लो दाखवणारं मीटर) पण सेलच्या आधी लावू नका, त्याच्या ओ-रिंगा झिरपतात, तो सेलनंतर लावा आणि पुढचा व्हेंट मोकळा ठेवा, नाहीतर बॅक प्रेशर येऊन रीडिंग वर जातं.

झिरोसाठी (अॅनालायझरचं शून्य ठरवायला) तुम्ही "फाइव्ह नाइन सिलिंडर लावतो, झालं झिरो" लिहिलंय. ९९.९९९ टक्के म्हणजे बाकीचं सगळं मिळून १० पीपीएमपर्यंत असू शकतं, त्यात ऑक्सिजनही आला, मग त्याला झिरो म्हणून अॅनालायझरला खोटं का शिकवायचं? मध्ये ऑक्सिजन ट्रॅप (गॅसमधला ऑक्सिजन शोषून घेणारा फिल्टर) टाका. आणि रेग्युलेटर नवा जोडला की चार-पाचदा भरून सोडा, त्याच्या पोटात हवा बसलेली असते.

तुमच्या फर्नेसमध्ये क्रॅक्ड अमोनिया (तापवून हायड्रोजन आणि नायट्रोजनमध्ये फोडलेला अमोनिया) आहे असं दिसतंय, तिथे अॅनालायझर झिर्कोनियाचा (गरम सिरॅमिक सेलचा) असेल तर ही सगळी चर्चाच वेगळी, कारण गरम सेलवर हायड्रोजन ऑक्सिजनला खाऊन टाकतो आणि रीडिंग खोटं कमी येतं. म्हणून आधी सेल कुठला ते सांगा, आणि गॅल्व्हॅनिक असेल तर आजच फ्लो दुप्पट करून आधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे इथे टाका, मग बोलू.