फोटोतलं लोकेशन ‘आपोआप’ जात नाही

बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा आशय असा: फोटोत लोकेशन दडलेलं असतं ही भीती आता जुनी झाली, व्हॉट्सॲप आणि फेसबुक ते काढूनच टाकतात, तरी धास्ती वाटली तर फोनचं लोकेशन बंद ठेवा, आणि लपवण्यासारखं काही नसेल तर काळजीचं कारणच नाही. धीर देणारा मेसेज लगेच पुढे पाठवला जातो. पण यावर विसंबून कुणी आपल्या घराचा पत्ता अनोळखी माणसाच्या हाती देऊ शकतो, म्हणून हे उत्तर.

‘व्हॉट्सॲप काढून टाकतं.’ साधा फोटो म्हणून पाठवलात तर खरं आहे. चित्र लहान करताना फाइलमध्ये लिहिलेली एक्झिफ माहिती, म्हणजे तारीख-वेळ, फोनचं मॉडेल, अक्षांश-रेखांश, निघून जाते. पण फोटो फाटू नये म्हणून ‘डॉक्युमेंट करून पाठव’ असं आपण सर्रास सांगतो. डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल जशीच्या तशी पोचते, अक्षांश-रेखांशासकट. ईमेलला जोडलेला फोटो, ड्राइव्हवरून उतरवून घेतलेली मूळ फाइल, पेनड्राइव्हवर दिलेला अल्बम, सगळ्यांची गत तीच. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस काही मीटरपर्यंत अचूक असतं, त्यामुळे नुसता परिसर नाही, नेमकी इमारत कळते. ती शोधायला समोरच्याला काही खास येत असण्याची गरज नाही. गॅलरीत फोटोचा तपशील उघडला की बहुतेक फोनवर नकाशाच दिसतो.

फेसबुकचं म्हणाल तर फोटो पाहणाऱ्यांना ती माहिती मिळत नाही, हे बरोबर. मात्र अपलोड होताना ती कंपनीकडे जाऊ शकते. फोटो कुठे काढला यासारखी माहिती आपण गोळा करतो, असं फेसबुकच्याच धोरणात लिहिलेलं आहे.

मधल्या एखाद्याने न तपासता मूळ फाइल चढवली तर काय होतं, ते 2012 च्या डिसेंबरमध्ये जगाने पाहिलं. अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी तेव्हा बेलीझच्या पोलिसांना चुकवत फिरत होते. त्यांच्यासोबत असलेल्या ‘व्हाइस’च्या पत्रकारांनी त्यांचा आयफोनवर काढलेला फोटो प्रसिद्ध केला आणि त्यातल्या अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचं वाचकांनी शोधून काढलं. काही दिवसांत त्यांना तिथे अटक झाली. मॅकॅफींबद्दल सहानुभूती असो वा नसो, त्यांचा ठावठिकाणा तिसऱ्याच माणसाच्या फोनने फोडला, हे लक्षात घ्या.

‘फोनचं लोकेशन बंद ठेवा.’ आधी काढलेल्या फोटोंना याचा काडीचा उपयोग नाही, त्यात जे लिहिलं गेलं ते तसंच राहतं. शिवाय हा सल्ला आपल्याकडे पाळणार कोण? ई-पीक पाहणी करणाऱ्या शेतकऱ्याला पिकाचा फोटो लोकेशनसह द्यावा लागतो. रोजगार हमीच्या कामावरची हजेरीही जिओटॅग केलेल्या फोटोने लागते. त्यापेक्षा फक्त कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी काढा. बाकी ॲप्सना त्याचा त्रास नाही. जुना फोटो पाठवताना आयफोनवर शेअरच्या पानावर वर ‘ऑप्शन्स’मध्ये लोकेशन बंद करता येतं. विंडोजवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सखाली वैयक्तिक माहिती काढायची सोय आहे. अँड्रॉइडवर गॅलरीनुसार पर्याय बदलतो. तो सापडलाच नाही तर स्क्रीनशॉट काढून तो पाठवा. स्पष्टता थोडी कमी होईल, पण मूळ फोटोचं लोकेशन त्यात येणार नाही.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर…’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाई नव्या खोलीतून मुलाचा फोटो आईला पाठवते. तो नातेवाइकांत फिरत फिरत नवऱ्यापर्यंत पोचू शकतो. तिने कोणता गुन्हा केला आहे? सह्याद्रीत कंदीलखर्चुडीच्या काही जाती अगदी थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. अशा फुलाचा फोटो लोकेशनसह बाहेर गेला की ते झाड उपटून नेणाऱ्यालाही वाट सापडते. म्हणूनच आयनॅचरलिस्टसारखी निसर्गनोंदींची साइट धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण लोकांना दाखवत नाही. लपवणं इथे जपण्यासाठी असतं.

एका गोष्टीचा त्या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. जीपीएस मॅप कॅमेऱ्यासारख्या ॲपने काढलेल्या फोटोच्या खालच्या पट्टीत गाव, पिनकोड, अक्षांश-रेखांश छापलेले असतात. ग्रामसेवक, शिक्षक, आशाताई कामाचा पुरावा म्हणून असे फोटो रोज काढतात. ती पट्टी चित्राचाच भाग असल्यामुळे एक्झिफ पुसून ती जात नाही, व्हॉट्सॲपही तिला हात लावत नाही आणि स्क्रीनशॉटमध्येही ती तशीच उतरते. कार्यालयाला पट्टीसकट फोटो द्यावाच लागेल. पण गृहभेटीचा तोच फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचा असेल, तर आधी पट्टी कापा आणि मग लोकेशन काढून पाठवा.