सगळं टॉरमधूनच गेलं पाहिजे

टॉर म्हणजे आपलं ट्रॅफिक दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरांवरून फिरवून आपण कुठे बसलोय ते लपवणारं नेटवर्क. त्याचा टॉर ब्राउझर वापरण्यात काही मर्दुमकी नाही, डाउनलोड करा, कनेक्ट दाबा, झालं. डोकं फिरतं ते मशीनवरची सगळीच अ‍ॅप्स टॉरमधून गेली पाहिजेत असं मनात आल्यावर. मी कोणी पत्रकार नाही की हेर नाही, पण हौसेला मोल नसतं.

लिनक्सवर टॉर टाकलं, ९०५० पोर्टवर सॉक्स प्रॉक्सी, म्हणजे अ‍ॅप्सना टॉरमध्ये शिरायचं दार, तयार. आता एकेका अ‍ॅपला समजवायचं, बाबा रे, इकडून जा. एकाला प्रॉक्सीचं सेटिंगच नाही, दुसऱ्याला आहे पण त्याला फक्त एचटीटीपी प्रॉक्सी कळते, सॉक्स नाही. कर्ल, म्हणजे कमांड देऊन पानं उतरवणारं प्रोग्राम, तसं गुणी, पण त्याला नुसतं सॉक्स५ सांगितलं की ते साइटचा आयपी (आकड्यांतला पत्ता) आधी आपल्याच इंटरनेटवाल्याच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारतं आणि मग टॉरमध्ये शिरतं, म्हणजे घरातून पळून जायचं आणि रस्ता सोसायटीच्या वॉचमनला विचारायचा! त्यावर इलाज काय, तर पुढे एक एच, सॉक्स५एच. हे कुठे मोठ्या अक्षरात लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

मग टॉरसॉक्स. कमांडच्या आधी लिहायचं, ते प्रोग्रामचे नेटवर्क कॉल मधेच पकडून टॉरकडे वळवतं, फक्त गो भाषेत लिहिलेले प्रोग्राम बहुतेकदा थेट कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, बोलतात त्यामुळे ते याच्या हातीच लागत नाहीत. पिंग नाही, व्हिडिओ कॉल नाही, कारण टॉर फक्त टीसीपी या एकाच प्रकारचं ट्रॅफिक नेतं.

शेवटी आयपीटेबल्स, म्हणजे लिनक्सचं ट्रॅफिक अडवायचं-वळवायचं हत्यार, काढलं. सगळं टीसीपी टॉरकडे, डीएनएस टॉरकडे, उरलेलं यूडीपी, म्हणजे टॉरला न झेपणारा दुसरा प्रकार, सरळ बंद, आणि टॉरच्या स्वतःच्या युजरला मात्र सूट, नाहीतर टॉरचंच ट्रॅफिक फिरून टॉरमध्ये येतं आणि नेट ठप्प. टॉर चालतंय का ते सांगणाऱ्या चेकवाल्या पानाने अभिनंदन केलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तीन रिले, म्हणजे टॉरचे मधले कॉम्प्युटर, फिरून पानं येत होती, त्यामुळे येत होती असं म्हणायचं इतकंच, शेवटचा रिले जर्मनीतला म्हणून सर्च इंजिन जर्मन बोलायला लागलं आणि मी माणूस आहे हे पटवायला सिग्नलचे खांब मोजत बसलो.

बायको पाणी प्यायला उठली, मागून स्क्रीन बघून म्हणाली, "अरे, पण हे तुझंच मेल आहे ना? स्वतःच्या नावाने लॉगिन करून लपतोयस कोणापासून?"

म्हटलं, मी कुठे बसलोय ते मेलवाल्यांना कळत नाही.

तेवढ्यात मेलवाल्यांनी विचारलंच, जर्मनीतून कोणीतरी तुमच्या खात्यात शिरतंय, ते तुम्हीच का? असाल तर मोबाईल नंबर टाका.

टाकला. ओटीपी पण टाकला.