धिंड काढल्याने चोर सुधारतो? ब्रेथवेटांनी तर उलटं सांगितलंय!

आपल्या इंदूरच्या ग्रुपांवर फिरतंय की ऑस्ट्रेलियाचे गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट म्हणतात, चोराची राजवाड्यावरून धिंड काढा, परत चोरी करणार नाही. अर्धंच वाचलंय कोणीतरी! 1989 मध्ये त्यांनी लाज दोन प्रकारची सांगितली, एक म्हणजे चुकलास, भरपाई कर नि परत ये, हिने गुन्हे कमी होतात, आणि दुसरी कायमचा शिक्का मारणारी, हिने उलट वाढतात कारण मग जवळ करणारी फक्त टोळीच उरते. आमच्या गल्लीतल्या एका पोराचा डोकं भादरलेला व्हिडिओ अजून फिरतोय, गॅरेजवाल्याने तो बघितला नि हातातला पानाच काढून घेतला. आणि हो, पोरगा 18 च्या आतला असेल तर 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली असा व्हिडिओ टाकणं हाच गुन्हा आहे.